बाया किती लागतात?

आमच्या झाडीपट्टीत गावाचं नाटक बसवायला मंडळ जमलं की "नाटक कोणतं?" हा प्रश्न दुसरा येतो. पहिला येतो, "बाया किती लागतात?" पुरुष पात्रं दहा असोत की बावीस, गावात माणसांची कमी नाही. बाई मात्र बाहेरून येते, नागपूरहून, वडशाहून, कधी चंद्रपूरहून. तिची नाइट, म्हणजे एका रात्रीच्या कामाचे पैसे, द्यावी लागते, जाण्यायेण्याचा खर्च असतो, तिनं जेवायचं-थांबायचं कोणाच्या घरी तेही ठरवावं लागतं. तीन बायांचं नाटक गावाला झेपतं. चार झाल्या की वर्गणीची वही पुन्हा उघडावी लागते. या एका प्रश्नावर कितीतरी चांगली नाटकं परत कपाटात गेलेली मी लहानपणापासून पाहिली आहेत.

झाडीपट्टी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग असा हा धानाचा मुलूख. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, आणि नाटक म्हणजे पार पहाटेपर्यंत. गावात नाटक असलं की लेकी-जावई येतात, सोयरे येतात, लग्नाच्या गोष्टीही तिथेच निघतात. वडसा, कागदोपत्री देसाईगंज, हे या रंगभूमीचं मुख्य ठिकाण. नाट्यमंडळांची कार्यालयं तिथे आहेत आणि गावोगावची माणसं तिथे जाऊन नाटक ठरवतात. 2023 साली झाडीपट्टीचे कलाकार परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच लोकांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा नीट ऐकलं. पण मी लिहिते आहे ते वडशाच्या मंडळाकडून ठरवून आणलेल्या नाटकाबद्दल नाही. गावातल्याच माणसांनी, धान कापून आल्यावर रात्री तालमी करून उभं केलेल्या नाटकाबद्दल लिहिते आहे. ते कमी होत चाललं आहे आणि ते टिकावं असं मला मनापासून वाटतं.

माझे बाबा आमच्या गावच्या नाटकाचे प्रॉम्प्टर होते. त्यांच्यामागे वह्यांचा एक गठ्ठा राहिला. काही त्यांच्या अक्षरातल्या, काही त्यांच्याही आधीच्या. मी तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. वह्यांना वाळवी लागायच्या आत त्या टाइप करून ठेवाव्यात, एवढाच सुरुवातीचा विचार होता. टाइप झालेल्या मजकुरातून आणखी काही काढता येईल हे नंतर सुचलं.

नाटकाचा मजकूर कॉम्प्युटरला सोपा जातो, कारण त्याचा साचा ठरलेला असतो. आधी पात्राचं नाव, मग दोन टिंबं, मग संवाद, आणि कंसात सूचना. प्रत्येक संवाद कोणाचा, कोणत्या प्रवेशातला आणि किती शब्दांचा, हे मोजायला पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या थोड्या ओळी पुरतात. पायथन येत नसेल तर लिबरऑफिसचं कॅल्क, एक्सेलसारखा तक्त्यांचा प्रोग्राम, घ्या आणि हातानं भरा, चिकाटीचं काम आहे पण होतं. डावीकडे पात्रांची नावं, वरती प्रवेश, आणि प्रत्येक चौकटीत त्या पात्राचे त्या प्रवेशातले शब्द. रिकामी चौकट म्हणजे माणूस मोकळा. सगळा खेळ या तक्त्यावर चालतो.

हा तक्ता माणसानं कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी शोधला होता. शेक्सपिअरच्या काळात लंडनच्या नाटक कंपन्या पडद्यामागे एक मोठा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून खुंटीला टांगत. कोणत्या प्रवेशात कोण रंगमंचावर जाणार, एवढंच त्यावर लिहिलेलं असे. असे काही कागद अजून शिल्लक आहेत आणि खुंटीसाठी पाडलेलं भोकही त्यांवर दिसतं. त्या कंपन्यांचा प्रश्न आमच्यासारखाच होता. स्त्रीभूमिका पोरं करायची आणि ती मोजकी असायची, म्हणून एकाच्या वाट्याला दोन-दोन भूमिका. संपूर्ण नाटकाची प्रत प्रत्येकाच्या हाती जातच नसे. नटाला मिळायचे त्याचे संवाद आणि त्याआधीचे समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द. बाबा गावातल्या नटांना अशाच नकला उतरवून द्यायचे, शाळेच्या वहीची पानं फाडून. लंडनचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. गरज सारखी, म्हणून उपायही सारखा.

तक्ता करताना एक गोष्ट लवकर ध्यानात येते. लेखकानं पाडलेले प्रवेश मोजून भागत नाही. आमच्या वह्यांतला एकेक प्रवेश अर्धा तास चालतो आणि त्यात माणसं आत-बाहेर होत राहतात. सुरुवातीला आलेला तलाठी पाच मिनिटांत निघून जातो, आणि शेवटी येणारा हवालदार त्याची गाठही घेत नाही. तक्त्यात मात्र दोघं एकाच प्रवेशात, म्हणून दोन्ही भूमिका एकाला देता येत नाहीत असं उत्तर येतं. सॉलोमन मार्कस या रुमानियन गणितज्ञानं 1970 साली नाटकाचा गणिती अभ्यास मांडला, तेव्हा त्यानं मोजणीचं माप असं धरलं की रंगमंचावरच्या माणसांचा संच जोवर बदलत नाही तोवर एक तुकडा. कोणी आलं किंवा गेलं की नवा तुकडा. जुन्या फ्रेंच नाटकांत प्रवेशच तसे पाडलेले असत. मी वह्यांमध्ये पेन्सिलनं अशा रेघा मारत गेले. तलाठी आणि हवालदार वेगळे पडले आणि एक नट मोकळा झाला.

आता बायांचा प्रश्न. बाबांच्या गठ्ठ्यात एक कौटुंबिक नाटक आहे, मला फार आवडणारं. त्यात पाच स्त्रीपात्रं आहेत, सासू, सून, नणंद, शेजारीण आणि नर्स. पाच बाया म्हटल्यावर ते कोणी हातातही घेत नव्हतं. कागदावर पाच ठिपके काढा. ज्या दोघी एकाच तुकड्यात रंगमंचावर असतात त्यांच्यामध्ये रेघ ओढा. आता ठिपक्यांना असे रंग द्या की रेघेनं जोडलेले दोन ठिपके एका रंगाचे होणार नाहीत. कमीत कमी जितके रंग लागतील तितक्या नट्या. गणितात याला आलेखाचं रंगकाम म्हणतात. ठिपके खूप झाले की सर्वांत कमी रंग नेमके शोधणं भलतंच अवघड होतं. रिचर्ड कार्प या संगणकशास्त्रज्ञांनी 1972 साली ज्या 21 अवघड प्रश्नांची यादी दिली त्यात हा आहे. पाच ठिपक्यांना अर्थातच त्याची भीती नाही, आणि गावच्या नाटकातली वीस-बावीस पात्रंही साधा लॅपटॉप डोळ्याचं पातं लवेपर्यंत उलगडतो.

लग्नाच्या प्रवेशात सासू, सून, नणंद तिघी एकत्र आहेत, म्हणजे तीनपेक्षा कमी बायांत हे नाटक होणे नाही. शेजारीण भांडते सासू-सुनेशी, नणंद तेव्हा तिच्या घरी नांदते आहे. नर्स दिसते सुनेच्या खाटेजवळ, सासूसमोर. म्हणजे नणंद, शेजारीण आणि नर्स या तिघींना एकच रंग चालतो. उत्तर आलं तीन.

मी ते आमच्या तालीम मास्तरांना दाखवलं. ते सत्तरी ओलांडलेले, बाबांचे जुने सोबती. त्यांनी बराच वेळ तक्ता पाहिला आणि म्हणाले, "पोरी, गणित बरोबर हाये. पन नणंद रडत आत गेली, आन् लगेच पडदा वर होऊन थेच नर्स म्हणून येनार? लुगडं सोडाले, पांढरा डरेस घालाले, डोये पुसाले टाइम लागते ना." त्यांचं म्हणणं तक्त्यात घालता येण्यासारखं होतं. लागोपाठच्या दोन तुकड्यांत येणारी पात्रंही रेघेनं जोडायची. तशी नणंद आणि नर्स यांच्यात रेघ आली आणि उत्तर चार झालं. मास्तरांनीच तोड काढली. मागच्या अंकातला विनोदी पात्रांचा पुढच्या पडद्यावरचा प्रवेश उचलून दवाखान्याच्या आधी ठेवायचा. पुन्हा तीन. पण सांगताना त्यांचा चेहरा उतरलेला होता, कारण रडणाऱ्या नणंदेवरून सरळ दवाखान्यात जाणं हाच त्या नाटकाचा जोर आहे. मध्ये हसू आलं की तो मोडतो. लॅपटॉपला यातलं काही कळत नाही आणि त्यानं कळल्याचा आव आणू नये असं माझं ठाम मत आहे.

पुरुष पात्रांचं गणित आमच्याकडे अगदी उलटं असतं. धंदेवाईक मंडळाला कमी नटांत नाटक बसवायचं असतं. गावाला जास्तीत जास्त माणसं रंगमंचावर हवी असतात. ज्याचा पोरगा नाटकात आहे ते सारं घर, सारा मोहल्ला पहाटेपर्यंत बसतो. मास्तर तर एकाच हवालदाराचे दोन हवालदार करतात, संवाद अर्धे-अर्धे वाटून. "कमीत कमी नट" हा नियम सगळ्या पात्रांना सारखा लावला तर कॉम्प्युटर गावाचं नाटक मारून टाकेल. काय कमी करायचं आणि काय वाढवायचं हे आधी माणसांनी ठरवायचं असतं.

मोजणीतून मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली ती वेगळीच. बाबा प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर कोणी कोणतं काम केलं ते लिहून ठेवत. ती नावं मी तक्त्यांना जोडली. कोणाच्या वाट्याला वर्षानुवर्षं किती शब्द आले हे उघड दिसू लागलं. गावाच्या एका टोकाकडच्या मोहल्ल्यातली पोरं सतत गडी, शिपाई, चोर, गर्दीतला इसम. त्यांतले काही मी ऐकलेत, खणखणीत गळ्याचे, भजनात सगळ्यांच्या वर जाणारे. हे कोणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पाटील दिसायला पाटलासारखा हवा, असं म्हणत म्हणत ते होत गेलं. मास्तरांसमोर हा कागद ठेवायला मला धीर गोळा करावा लागला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आपन हे कधी मोजलंच नाई," एवढंच म्हणाले. पुढच्या वाचनाला त्यांनी नायकाचं काम आळीपाळीनं सगळ्यांकडून वाचून घेतलं. त्याआधी तसं कधी झालं नव्हतं.

गड्याच्या भूमिकेबद्दलही बोललं पाहिजे. फ्रँको मोरेत्ती या अभ्यासकानं 2011 साली हॅम्लेट नाटकातली पात्रं ठिपके मानली आणि जी एकमेकांशी बोलतात त्यांना रेघांनी जोडलं. ते जाळं त्यानं हातानंच काढलं होतं. मग एकेक पात्र पुसून पाहिलं. होरॅशियो हा नायकाचा मित्र, तसा बेताचा बोलणारा. पण तो पुसला की नाटकाच्या कडेची माणसं जाळ्यातून सुटू लागतात. आमच्या वह्यांवर मी हेच करून पाहिलं आणि जवळपास प्रत्येक कौटुंबिक नाटकात तो धागा घरच्या गड्याच्या हाती निघाला. तो पाटलाशी बोलतो, सुनेशी बोलतो, सावकाराचा निरोप आणतो, शाळामास्तरची चिठ्ठी पोचवतो. शब्द थोडे, पण त्याच्याखेरीज वाडा आणि गाव एकमेकांशी बोलतच नाहीत. म्हणून गड्याचं काम "उरलं ते" म्हणून देऊ नये. ते गावातल्या पक्क्या नटाला द्यावं आणि ज्यानं आजवर गडी केला त्याला पाटील करून पाहावं.

तालमींसाठी तक्ता फार उपयोगी पडतो. नाटकाचे दिवस आणि धान कापणीचे दिवस एकमेकांवर येतात. दिवसभर धानाच्या बांधीत वाकलेला माणूस रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात दोन तास नुसता बसून राहिला आणि त्याचा प्रवेश आलाच नाही, तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. यावरही अभ्यास झालेला आहे. 1993 साली चेंग, डायमंड आणि लिन या अभ्यासकांनी चित्रपटाच्या चित्रीकरणाचा क्रम असा लावायची पद्धत मांडली, की कलाकाराला बोलावून नुसतं बसवून ठेवण्याचा खर्च कमीत कमी व्हावा. आमच्याकडे तो खर्च झोपेचा आहे. कोणते प्रवेश एका रात्री घेतले तर कमी माणसं ताटकळतील, हे तक्त्यावरून दिसतं. त्याची यादी मोबाइलवर सगळ्यांना जाते. बाहेरच्या बाया शेवटच्या दोन दिवसांत येतात, म्हणून त्यांचे सगळे प्रवेश त्या दोन दिवसांत एकापुढे एक लावावे लागतात. तिथे लॅपटॉप चुटकीसरशी मदत करतो आणि मास्तरही आता त्याच्याशिवाय यादी करत नाहीत.

मजकुरावरून केलेली मोजणी जे बोलतं तेवढंच पाहते. एखाद्या नाटकात लग्नाच्या प्रवेशात नवरी एक शब्द बोलत नाही. संवाद मोजणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी ती रंगमंचावर नाहीच, तिची नटी "मोकळी" आहे. म्हातारा बाप अख्खा प्रवेश खाटेवर निजून असतो, तोही मोकळा. अशा न बोलणाऱ्यांना तक्त्यात हातानं बसवावं लागतं. मी त्यांच्या चौकटीत शून्य लिहिते, म्हणजे आहे पण बोलत नाही. युरोपातल्या ड्रॅकोर प्रकल्पात जर्मन, फ्रेंच, रशियन अशा भाषांतली हजारो नाटकं एकाच पद्धतीच्या खुणा करून ठेवलेली आहेत. आमच्या वह्या अशा एखाद्या ठिकाणी जायच्या असतील तर त्यांतल्या गप्प माणसांसकट जायला हव्यात. आणि बोलीसकटही. मोबाइलला बोलून टाइप करायला गेलं की तो "पानी"चं "पाणी" करतो. विनोदी पात्राच्या तोंडची झाडी बोली अशी पुसली गेली तर ते पात्रच राहत नाही. तेवढा मजकूर मी बोटांनीच टाइप करते, वेळ लागला तरी.

तालमीतही असंच एक गप्प माणूस आहे. बाहेरच्या बाया शेवटी येतात, मग तोवर त्यांचे संवाद कोण म्हणतं? पूर्वी बाबाच म्हणायचे, सासूचे, सुनेचे, सगळे एकाच आवाजात. आता तालीम बघायला आलेल्या पोरींपैकी कोणाच्या तरी हाती वही दिली जाते. आमच्या शेजारची एक मुलगी बी.ए.ला आहे. गेल्या हंगामात ते पाच स्त्रीपात्रांचं नाटक तीन बायांत झालं, तेव्हा नणंद तिनंच वाचली. पहिल्या काही रात्री वहीत पाहून, मग न पाहता. नणंद रडत आत जाते तिथे तिनं एकदा असं वाक्य टाकलं की समोरचा नट आपलं पुढचं विसरला. नाटकाच्या रात्री ती प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसली होती आणि नागपूरहून आलेल्या ताईंच्या प्रत्येक वाक्याबरोबर तिचे ओठ हलत होते. तक्त्यात तिचं नाव कुठेच नाही. म्हणून मी तक्त्याला एक रकाना वाढवला, "तालमीत कोणी वाचलं". त्या रकान्यात आमच्या गावच्या पोरी एकाखाली एक आहेत.

गावची बाई गावच्या रंगमंचावर का नको, याची कारणं मला ठाऊक आहेत, आणि मी त्यांना हसत नाही. आईवडिलांना पोरीच्या लग्नाची काळजी असते, चौकातलं बोलणं त्यांना ऐकावं लागतं. दुसरीकडे ज्या बाया बाहेरून येऊन इतकी वर्षं आमची नाटकं उभी करतात, थंडीत पहाटेपर्यंत जागतात आणि तेच बोलणं पचवतात, त्यांच्यामुळेच ही रंगभूमी आहे. गावच्या मुलीला काम देऊन त्यांची एक नाइट कापणं मला मान्य नाही. मंडळात कोणाच्या तरी तोंडून ते निघणार याची मला खात्री आहे, "एक बाई वाचली." तसं होऊ द्यायचं नाही.

त्यासाठी उत्तर तक्त्यातच आहे. नणंद गावच्या मुलीकडे द्यायची. बाहेरच्या तिघी तशाच बोलवायच्या, एक सासू, एक सून, आणि तिसरी शेजारीण व नर्स. चार रंग झाले, पण नाइटा तीनच राहिल्या. नणंद आणि नर्स वेगवेगळ्या झाल्यामुळे लुगडं बदलायची घाई नाही, आणि मास्तरांनी मनाविरुद्ध हलवलेला विनोदी प्रवेश लेखकानं ठेवला होता तिथे परत जातो. चार बाया लागतात म्हणून कपाटात पडलेली बाकीची नाटकंही याच वाटेनं बाहेर निघू शकतात.

मुलीच्या आईशी माझं बोलणं झालं आहे. तिनं हो म्हटलं नाही, पण नाटकाची वही वाचायला मागून नेली आहे. मास्तरांनी मात्र सरळ सांगितलं, "तू मांड, मी मागं उभा रायतो." पोळा झाला की मंडळाची बैठक आहे. पाचही स्त्रीपात्रांचा तक्ता मी छापून नेणार आहे, प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत. आईचा होकार तोवर आला, तर नणंदेच्या ओळीपुढे तिच्या लेकीचं नाव छापलेलंच असेल.